पाठवणीचा फोटो

१

रणधीरला स्वस्ताईचा वास लांबून येतो. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, पण ‘हे’ आणि ‘यांनी’ करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून सरळ रणधीर म्हणते. मी सकाळचा चहा गाळेपर्यंत त्याच्या मोबाइलवरच्या सगळ्या ऑफर चाळून झालेल्या असतात. त्यातून आलेल्या वस्तू घरभर पडल्या आहेत. एका पायाने लंगडणारा ट्रायपॉड आहे, फक्त उजव्या पायाचे मोजे आहेत, हलवल्याशिवाय न चालणारं घड्याळ आहे. मी तोंड उघडलं की त्याचं ठरलेलं उत्तर, “राजे, तुला धंद्यातलं कळत न्हाय.”

कळत नाही कसं? मुरुमच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. लग्नाचे फोटो तो काढतो, अल्बम मी बनवते. नवरीच्या गालावरच्या पुटकुळ्या पुसणं, करवलीचे मिटलेले डोळे उघडणं, रुसून न आलेल्या मामाला ग्रुपमध्ये आणून उभं करणं, ही सगळी माझी कामं. तो परंड्याचा, मी येरमाळ्याची. इथे निम्मं गाव घरात कन्नड बोलतं, पण आम्हा दोघांना ‘ऊट आयता’, म्हणजे जेवलात का, याच्यापुढे कधी काही आलं नाही.

लग्नसराईच्या तोंडावर मेमरी कार्डं आली. एका कार्डाच्या किमतीत पाच, वर ठेवायला डबी मोफत. मी एक हातात घेतलं. नेहमीच्या कार्डापेक्षा हलकं वाटलं.

“हलकं लागतंय हो.”

“मग काय किलोवर घ्यायचं व्हतं का?” तो म्हणाला. मलाही हसू आलं आणि विषय तिथेच संपला.

२

त्या कार्डांवरचं पहिलं मोठं लग्न वीरप्पांच्या आरोहीचं. वीरप्पांची पिठाची गिरणी आमच्या मागच्याच गल्लीत. उंच, काटक माणूस, भुवयांवर कायम पीठ आणि मानेभोवती घट्ट गुंडाळलेला रुमाल. फोटो म्हटलं की हा माणूस पळायचा. “आमचं तोंड काय बघायचंय,” म्हणायचे. त्यांच्या घरात बायको नागम्मांचे, आरोहीचे, बैलांचेसुद्धा फोटो होते. वीरप्पांचा एकही नव्हता.

लग्नातही ते आमच्या कॅमेऱ्याशी लपाछपी खेळत होते. पण पाठवणीच्या वेळी आरोहीने त्यांना धरलं. गाडीच्या दाराशी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली, आणि त्यांना हलताच आलं नाही. रणधीरने पटापट बटण दाबलं. “आज म्हातारा घावला बघ,” तो माझ्या कानात म्हणाला. आम्ही निघालो तेव्हा वीरप्पा मला म्हणाले, “फोटोवालीबाई, जेवल्याबिगर जाऊ नका.” आमचं नाव त्यांना कधी पाठ झालं नाही.

दोन दिवसांनी मी फोटो उघडायला बसले. हळद आली, रुखवत आलं, अक्षता आल्या. पुढे नुसत्या राखाडी पट्ट्या. एका फोटोत निम्मी नवरी आणि खाली राख कालवल्यासारखं काहीतरी. जे फोटो वाचले त्यांत वीरप्पा शोधले. एकात त्यांचं कोपर होतं, दुसऱ्यात टोपी.

आज सांगू, उद्या सांगू करत रणधीर टाळत राहिला. तेवढ्यात वीरप्पा गेले. गिरणीतच छातीत कळ आली. आत पट्टा तसाच फिरत होता म्हणे. दहावा झाला आणि आरोहीचा फोन आला.

“काकू, बाकी अल्बमचं राहू द्या. पाठवणीचा तेवढा पाठवा. आधारवरचा वळखू येत न्हाय, त्याबिगर घरात आप्पांचा एक फोटो न्हाय. हार कशाला घालावा?”

मी ‘पाठवते’ म्हणाले आणि फोन ठेवून रणधीरकडे बघत बसले. त्याने मान खाली घातली होती.

३

उमरग्याला सोमेश म्हणून एक मुलगा बंद पडलेले कॉम्प्युटर आणि कार्डं दुरुस्त करतो. त्याच्याकडे गेलो. त्याने कार्ड मशीनला लावलं, बराच वेळ खुडबुड केली आणि खुर्ची मागे ढकलली.

“दादा, हे बनावट हाय. वर लिहिलंय तेवढी जागाच न्हाय आत. पण भरलं म्हणून सांगत बी न्हाय. नवा फोटो आला की कुठल्यातरी जुन्याच्या जागेवर बसवतंय. जुना गेला म्हणून कळत बी न्हाय, कारण यादीत त्याचं नाव तसंच ऱ्हातंय.”

“मग पाठवणीचा?”

“त्याच्या जागेवर काहीतरी बसलं असंल. आता ह्या कार्डावर परत फोटो काढू नका, वहिनी. अजून खिचडी व्हईल.”

परत येताना मोटारसायकल रणधीर चालवत होता. मी त्याच्या मागे. लग्न झाल्यापासून मी या माणसाच्या मागेच बसत आले आहे, त्यामुळे खरं सांगायचं तर त्याच्या तोंडापेक्षा मानच माझ्या जास्त ओळखीची. कॅमेऱ्याच्या पट्ट्याने मानेवर काळा वळ पडलेला, उजव्या कानाखाली तीळ, आणि न्हाव्याने कितीही कापले तरी डावीकडे वळणारे केस. त्या दिवशी त्या मानेची मला कीव आली.

गावाच्या अलीकडे तो एकदम म्हणाला, “परत काढू.”

“काय?”

“पाठवणी. गाडी उभी करू, पोरीला शालू नेसवू. म्हाताऱ्याच्या जागी कुणीतरी पाठमोरं उभं करू. कुणाला कळतंय?”

अशी लग्नं आम्ही पुन्हा पुन्हा लावलेली आहेत. हार नीट पडला नाही, परत घाला. मंगळसूत्र दिसलं नाही, परत बांधा. भटजी चिडले तरी चालतात, फोटो चुकून चालत नाही. म्हणून मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

४

नागम्मांना खरं सांगावं लागलं. आरोही म्हणाली, “पाठमोरे असले तरी चालंल. मला टेकायला खांदा पायजे.” तिचे चुलते साफ नाही म्हणाले. “गेलेल्याच्या जागी जित्या माणसानं उभं ऱ्हाऊ न्हाय. म्या तर न्हाय ऱ्हाणार.” अंगलटीने दुसरं कोणी जुळत नव्हतं. शेवटी सगळ्यांनी रणधीरकडे पाहिलं. तो तसाच उंच आणि तसाच काटक.

“मी उभा ऱ्हातो की,” तो म्हणाला. “राजे, तू बटण दाब.”

नागम्मांनी धोतर, सदरा आणि टोपी आणून दिली. “रुमाल न्हाय,” त्या म्हणाल्या. “रुमाल त्यांच्यासंगं मातीत गेला.”

कॅमेरा माझ्या हातात देताना रणधीरने त्यात कार्ड घातलं. तेच कार्ड. मी ओरडणार तोवर तोच म्हणाला, “त्याच कार्डावर काढला की त्याच लग्नाच्या यादीत बसंल. अल्बममध्ये लाइन तुटायची न्हाय. जे गेलंय ते गेलंयच.” फोटोग्राफरांना फोटोंच्या नंबरांची लाइन तुटलेली खपत नाही. हे वेड त्या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

संध्याकाळचं ऊन होतं. गाडीला झेंडूच्या माळा. नवरदेव बिचारा कोट घालून घामाघूम. रणधीर पाठ करून उभा राहिला आणि आरोहीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. आधी ती नुसती टेकली होती. मग ‘आप्पा’ म्हणाली आणि खरंच रडायला लागली. रणधीरचा हात वर गेला आणि तिच्या डोक्यावरून सावकाश फिरला. असं करायचं आमचं ठरलं नव्हतं. कुणाच्या डोक्यावरून हात फिरवणारा तो माणूसच नाही.

मी बटण दाबलं. “झालं,” म्हणाले. तो वळला नाही.

“अहो, झालं.”

मग तो वळला. डोळे ओले होते. मला बरंच वाटलं, म्हटलं चला, या दगडालाही पाझर फुटला.

५

दुसऱ्या दिवशी फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. छान आला होता. फक्त मानेवर, केसांच्या खाली, लिंबाएवढा उंचवटा दिसत होता. कॉलरची घडी असेल, सावली असेल. हाताला सवयच लागलेली, मी तो पुसून टाकला. पुसल्यावर लक्षात आलं, पट्ट्याचा काळा वळही दिसत नाहीये. तो मी पुसला नव्हता.

दुपारी आरोहीचा फोन आला. न पुसलेला फोटो रणधीरने आदल्या दिवशीच तिला मोबाइलवर पाठवून दिला होता. ती रडत होती, पण आनंदाने.

“काकू, आप्पांची गाठ कशी काय आणली वो तुम्ही?”

“कसली गाठ?”

“मानेवरची. चरबीची. म्हणून तर ते रुमाल बांधायचे. घरच्याशिवाय कुणाला ठावं नव्हतं. आईनं सांगितलं का?”

मी म्हणाले, “हो, केली कॉम्प्युटरवर.” काय बोलणार होते? माझ्या तोंडातून खोटं इतकं सहज आलं की माझाच त्यावर थोडा विश्वास बसला.

त्या दिवशी रणधीर जेवून आडवा झाल्यावर मी त्याची मान पाहिली. काळा वळ होता, तीळ होता, गाठ नव्हती. जीव भांड्यात पडला. कॉलरची घडीच होती तर. मी स्वतःला हसले आणि भांडी घासायला गेले.

६

पुढे ऊन वाढलं तसा रणधीर मानेला रुमाल बांधायला लागला. “लई तापतंय,” म्हणायचा. तापत तर होतंच. अर्धं गाव रुमाल बांधून फिरत होतं. चहा तो बशीत ओतून प्यायला लागला. पूर्वी बशीत पिणाऱ्यांची नक्कल करायचा. भाकरी थापताना एकदा मागून आला, परातीतलं पीठ चिमटीत घेऊन चोळलं आणि म्हणाला, “जाडं दळलंय.” मी म्हटलं, तुम्हाला हो काय कळतंय पिठातलं? तो हसला नाही.

अल्बम छापायला उमरग्याला निघालो तेव्हाची गोष्ट. भर दुपार, रस्त्यावर एसट्या, उसाच्या ट्रॉल्या, माणसं. मी मागे बसलेली. वाऱ्याने रुमालाची गाठ सैल झाली आणि रुमाल खांद्यावर घसरला.

मान माझ्या डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर होती. पट्ट्याचा वळ नव्हता, तीळ नव्हता. केस सरळ खाली उतरलेले आणि पांढरे. कातडीवर जुन्या सुरकुत्या, त्यांच्या घड्यांत बारीक पीठ भरलेलं, आणि मध्ये ती गाठ. मी त्याच्या खांद्यावरचा हात काढला आणि मागचा दांडा धरला. गाडी वेगात होती. उतरायचं म्हटलं तरी कुठे उतरणार?

चहाच्या टपरीवर तो थांबला आणि वळला. समोरून रणधीर. तीच चपटी हनुवटी, तेच पानाने रंगलेले दात. “काय झालं? तोंड का उतरलं तुझं?”

“तुमच्या मानेवर काय आलंय?”

त्याने हात मागे नेला आणि चाचपून पाहिलं, अगदी सवयीच्या हाताने.

“ही व्हय? ही लई जुनी हाय. दुखत न्हाय.”

मी त्याला ओढून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दाबून पाहिली. चरबीची गाठ, साधी, कैक वर्षांची, काळजी नको. “महिन्यापूर्वी नव्हती,” मी म्हणाले. डॉक्टर समजूत घालणाऱ्या आवाजात म्हणाले, “अहो, रोजच्या माणसाकडे आपलं लक्ष कुठे असतं?”

७

मी पुरावा शोधायला बसले. फोटोवाल्याच्या घरात फोटोवाल्याचे फोटो नसतात, हे तेव्हा कळलं. त्याचं सगळं आयुष्य कॅमेऱ्याच्या मागे गेलेलं. एका नवरदेवाच्या गॉगलमध्ये तो दिसला, तोंडावर कॅमेरा. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये मानेवर हारच हार. आधार कार्डावर फक्त तोंड. आणि तोंडाबद्दल माझी तक्रारच नव्हती. तोंड त्याचंच होतं. म्हणून मी कायम त्याच्या समोर राहायला लागले. स्वयंपाकघरात तो पाठ करून बसला की मी फिरून पुढे जायची. झोपताना तो भिंतीकडे वळायचा आणि मी दिवा चालू ठेवून छताकडे बघत पडायची. सकाळी त्याच्या उशीवर पांढरं पीठ असायचं. मी ते झटकून चादर धुवायला टाकायची, कुणाला सांगायची नाही. सांगणार काय? नवऱ्याची मान बदलली म्हणून?

कार्डावरचा तो फोटो मी पुसला. कार्ड काढून परत लावलं तर जागच्या जागी. पुन्हा पुसला, पुन्हा तेच. मग सोमेशचं बोलणं आठवलं, की नवं आलं म्हणजे जुन्याच्या जागेवर बसतं. रणधीरला त्याच्याच शर्टात पाठमोरं उभं करायचं, त्याच कार्डावर फोटो काढायचा, पुन्हा पुन्हा काढायचा. कधीतरी बसेलच त्या जागेवर. बुडत्याला काडीचा आधार.

तो दुकानातल्या स्टुलावर बसला होता. मी कॅमेरा घेऊन समोर गेले. “उठा हो, एक फोटो काढायचाय.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे रणधीरचेच होते, पण त्यांत ओळख बेताची होती, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत असते तेवढीच.

“मला फोटोचं वावडं हाय, फोटोवालीबाई,” तो म्हणाला.

त्यानंतर मी त्याच्या समोर जायचंही सोडलं. मागून भीती होतीच, आता समोरूनही वाटायला लागली. एका घरात मी त्याच्या पायांकडे बघत जेवण वाढायची. पायांत चपला रणधीरच्या होत्या, अंगठा मीच मोच्याकडून शिवून आणलेला. तेवढं बघून मी दिवस काढत होते.

८

आरोही माहेरपणाला आली, ती अल्बम न्यायला दुकानात आली. तो आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून बसला होता. “काकांना भेटून येते,” ती म्हणाली. मी नको म्हणायला हवं होतं. पण कशासाठी नको, ते सांगता आलं नसतं.

मी काउंटरजवळून पाहत होते. मला त्याची पाठ आणि तिचं तोंड दिसत होतं. ती हसत त्याच्या पुढे गेली, ‘काका’ म्हणायला तोंड उघडलं आणि थांबली. मी वाट पाहत होते की ती किंचाळेल. खरं सांगते, मला तेच हवं होतं. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला तरी दिसावं, एवढंच.

ती किंचाळली नाही. तिचे डोळे भरले. तिने डोक्यावर पदर घेतला आणि वाकून त्याचे पाय धरले. मग तिथेच फरशीवर बसून भडाभडा बोलायला लागली. कन्नडमध्ये. सासरचं काही सांगत असावी, हातवारे करत होती, मध्येच रुसत होती. आणि तो उत्तर देत होता. हळू, न अडखळता, कन्नडमध्ये. परंड्याचा माझा नवरा. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. माझा हात हातात घेतला. तिचा हात गरम होता.

“काकू, आई रिक्षात बसलीय. आप्पांना घरी न्यावं म्हणते. इथं तुमाला किती दिवस तरास द्यायचा?”

“आरोही, ते तुझे काका आहेत,” मी म्हणाले. “रणधीर. माझे मालक.”

तिने माझ्याकडे मायेने पाहिलं. ड्रॉवरमध्ये आधार कार्ड होतं. ते काढून दाखवायचं, तर आधी त्याच्या तोंडाकडे बघायला हवं होतं, जुळतंय का ते. बघितलं आणि जुळलं नाही तर? मी ड्रॉवरवर हात ठेवून उभी राहिले. उघडला नाही.

आत स्टूल सरकल्याचा आवाज आला. चपला वाजत पुढे आल्या. मी फरशीकडे बघत होते. शिवलेला अंगठा माझ्या समोर येऊन थांबला. पिठाचा कोमट वास आला. बाहेर रिक्षा सुरूच होती आणि नागम्मा आत सरकून जागा करत होत्या.

“येतो, बाई,” तो म्हणाला. आवाज वयस्कर होता, अदबीचा. “लई दिस पाहुणचार झाला. मालक दिसंनात कुठं?”

मी ड्रॉवर तसाच दाबून धरला.

“आले की सांगा त्यास्नी,” तो म्हणाला, “फोटो चांगला आलाय म्हणावं.”

“सांगते,” मी म्हणाले.